गुरुजींच्या पाठीवरचं पातेलं

बिरादार गुरुजी नवीन माणसाला नाव विचारत नाहीत, वजन विचारतात. परवा लातुरात एका लग्नात नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकून म्हणाले, "पंचावन्न असशील बघ. अकरा किलो बिनघोर उचल, त्याच्या वर नको." नवरदेव उगीचच मागं सरकला.

चाकूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते आम्हा आठ-दहा जणांना डोंगर चढायला नेतात. मुक्काम असला की सॅक अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यात बसली पाहिजे, हा त्यांचा कायदा. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मी मुनीम आहे त्या आडतीत यायचं. सोयाबीनच्या पोत्यांच्या काट्यावर आधी माणूस चढतो, मग सॅक. जास्त भरली की गुरुजी ती तिथंच उलटी करतात. "मानूस हायसा का ट्रॅक्टर?" एकदा आमच्या वकीलसाहेबांच्या सॅकमधून इस्त्री निघाली. इस्त्री! ती आठवडाभर आडतीत होती.

खिचडीचं मोठं पातेलं आणि शिधा, सगळं मिळून बारा किलो, मात्र गुरुजींच्याच पाठीवर. तिथं कुणाला हात लावू देत नाहीत.

गुरुजींच्या घरच्या काकू वारल्यापासून ते वाळत चाललेत. माहूरला निघायच्या आदल्या दिवशी काट्यावर चढले, आणि काटा बावन्नावरच थांबला. कायद्यानं पातेलं जाणार होतं.

"किती भरलं, मुनीम?" आवाज नेहमीचा नव्हता.

"कमीच असणार," वकीलसाहेब मागून म्हणाले. "द्या पातेलं इकडं, गुरुजी. तुमचाच कायदा हाय."

मी आधीच कमी बोलतो. काट्याशी बेइमानी उभ्या जन्मात केली नव्हती. अजून रुखरुख लागते. पण एकदाचं सांगून टाकतो. मी काट्याच्या कडेवर पाय ठेवला आणि दाबला.

"साठ."

"हाव, साठच," गुरुजी समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माहूरच्या डोंगरावर त्यांनी दगडांची चूल मांडून खिचडी केली, आग्रह करकरून वाढली. स्वतः दोन ताटं जेवले. सगळे हात धुवायला उठले तरी ते उलथण्यानं पातेल्याचं बूड खरवडत बसलेले.

"लागलेली कशाला खाऊन राहिलात, गुरुजी? चांगली हाय की अजून," वकीलसाहेब म्हणाले.

"असू द्या," ते म्हणाले. "एकट्यापुरती लावली की बुडाला धरतच न्हाई हो."