अण्णा बसले!

पडावं तर अण्णांनी! पाच वेळा आमदारकीला उभे राहिले आणि पाचही वेळा असे सपाटून पडले की विरोधकांनाच हळहळ वाटली. धंदा खुर्च्या दुरुस्तीचा. पक्ष एवढा अवाढव्य, की अख्खी कार्यकारिणी दुकानातल्या एका सोफ्यावर मावायची, आणि त्या सोफ्याचाही एक पाय मोडका! पण सहाव्यांदा अर्ज भरून आल्यावर अण्णा त्याच सोफ्यावर चढले आणि त्यांनी छाती ठोकली.

"पडलो असेन, पण बसलो कधीच नाही! आमिषं आली, धमक्या आल्या. पण माघार? नाव काढू नका!"

खोटं नव्हतं ते. माघार न घेणं एवढीच अण्णांची आयुष्यभराची कमाई होती आणि तिला ते जिवापाड जपत. काकू मात्र दर निवडणुकीला "अहो, आता तरी बसा की घरी!" म्हणून घसा कोरडा करायच्या.

माघारीच्या शेवटच्या दिवशी अण्णा एक दणकट खुर्ची उचलायला वाकले आणि कंबरेत अशी उसण भरली, की त्याच खुर्चीत बसले ते बसलेच! तेवढ्यात फोन वाजला. पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे कोपऱ्यावरचे टेलर मास्तर, रिक्षाला भोंगा बांधून प्रचारासाठी त्यांची वाट बघत होते.

"वहिनी, अण्णा निघाले का?"

"कसले निघतायत! हे बसले!"

"ब... बसले?"

"हो ना! आता काही उठायचे नाहीत. झेपत नाही तर करायचं कशाला? पण माझं ऐकतील तर शप्पथ!"

मास्तर पडले हळवे. समोरचा माईक चालू आहे याचंही भान त्यांना उरलं नाही. "बंधूंनो, आपले अण्णा बसले हो!" म्हणत ते भर चौकात हमसून हमसून रडले.

झालं! अर्ध्या तासात दुकानापुढे ही गर्दी, आणि सगळ्यांत पुढे रडणारे मास्तर! "कितीला बसले?" अशी कुजबुज सुरू झाली. आमदारसाहेब तर चक्क पुष्पगुच्छ घेऊन आले.

"अण्णा, मोठ्या मनानं बसलात!"

"मी बसलेलो नाही!" अण्णा खुर्चीतून गरजले.

गर्दीनं अण्णांकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो, कंबर धरलीय माझी!"

"राजकारणात धरतेच कधी कधी," आमदारसाहेब समजुतीनं म्हणाले.

अण्णांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पडण्याचं त्यांना काही नव्हतं हो, पण न बसता बसल्याचा बट्टा! काकूंनी ते पाणी पाहिलं मात्र... नवऱ्याची कंबर गेली होती, म्हणून त्यांनी आपली कसली!

"मास्तर, रडणं पुरे! ते सोफ्याचे पट्टे आणा इकडे!"

दोघांनी मिळून अण्णांना एका रिकाम्या कपाटाला उभं आवळलं आणि चार जणांनी कपाटासकट हातगाडीवर चढवलं. माईक काकूंच्या हातात. "नीट बघून घ्या! हे उभे आहेत! वाटल्यास हात लावून बघा!" खड्डा आला की अण्णा "आई गं!" म्हणत आणि मागची पोरं तीच घोषणा समजून दुप्पट जोरात ओरडत. पाच निवडणुकांत कधी उघडल्या नव्हत्या त्या खिडक्या त्या दिवशी उघडल्या. लोक हसत होते, पण हातही हलवत होते.

निकाल लागला आणि अण्णा पडले. रिवाजच तो! मास्तरांना निकाल ऐकवत नाही, म्हणून ते आपल्या शिंपीकामाच्या दुकानाचं शटर आतून ओढून बसले होते. संध्याकाळी त्यांनी धीर करून फोन लावला.

"वहिनी... अण्णा?"

काकू आता शहाण्या झाल्या होत्या. नुसतं 'बसले' म्हणून पुन्हा घोळ घालायचा? छे! एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "खुर्चीवर बसलेत."

"काय सांगता!" मास्तर किंचाळले आणि फोन बंद झाला.

पाचच मिनिटांत गल्लीच्या टोकाला भोंगा दणाणला. "अण्णा खुर्चीवर बसले हो! आमदार अण्णांचा विजय असो!"

"अगं बाई!" कपाळावर हात मारून काकू दाराकडे धावल्या.

अण्णांनी खुर्चीतूनच त्यांचा हात धरला. भोंगा हळूहळू जवळ येत होता.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "आपल्या दारापर्यंत येऊ दे. मग सांगू."