साडेपाच पौंडांचा चाप

तोंडात घास असताना हसू नये, असं डॉक्टर सांगतात. माझं म्हणणं, न्याहारीला हसूच नये. मी एका शनिवारी हसलो आणि त्याचा परिणाम महिन्याभराने साऱ्या चर्चने पाहिला. (काहींनी बाकाखालून पाहिला, पण पाहिला.)

आमच्या पाइन फोर्कच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुरुषांची न्याहारी असते. त्या दिवशी सॉसेजच्या पांढऱ्या रश्श्याचं पातेलं अर्धं झालं आणि ड्वेन प्रूइट उठून उभा राहिला. ड्वेन हा चर्चच्या सुरक्षा पथकाचा प्रमुख. त्याने तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, त्यामुळे रांगेत बसलेली माणसं दिसली की त्याला ओरडल्याशिवाय राहवत नाही.

"भाऊ लोकहो, दिवस वाईट आलेत," तो ओरडला. "पुढच्या महिन्यापासून मुख्य दारावर जो उभा राहील त्याच्या कमरेला पिस्तूल पाहिजे. दिसता कामा नये, पण पाहिजे. ज्याच्याकडे नाही त्यानं दार सोडायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता ब्रदर व्हर्लिनला हे मी काय सांगणार! इथल्या प्रत्येकाचा परवाना त्याच्याच हातचा आहे!"

सगळे हसले. मीही हसलो.

खरी गोष्ट अशी, की माझ्याकडे पिस्तूल नव्हतं. कधीच नव्हतं. एकोणतीस वर्षं मी शेरीफच्या कचेरीत कारकून होतो आणि छुपं पिस्तूल बाळगण्याचे परवाने माझ्या टेबलावरून जात. प्रत्येक अर्ज मी अक्षरन् अक्षर वाचून मगच शिक्का मारायचो. (निदान निवृत्तीच्या भाषणात तसं सांगितलं.) मी निवृत्त झालो त्याच सुमारास सरकारने परवान्याची सक्तीच काढून टाकली. माझ्या जागी कुणाला नेमावं लागलं नाही, ही माझ्या सेवेची एकमेव पावती. पण या सगळ्यात स्वतःसाठी पिस्तूल घ्यायचं राहून गेलं, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी आमच्या गावात ते कबूल करणं म्हणजे बोट नदीच्या मध्यावर आल्यावर नावाड्याने मला पोहता येत नाही म्हणण्यासारखं होतं.

मग दार सोडून द्यायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही आमच्या पास्टरचं प्रवचन ऐकलेलं नाही. ते एक तास दहा मिनिटं चालतं. दारावरच्या माणसाला मात्र बाहेर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तो ओसरीवर उभा राहू शकतो. बावीस वर्षं मी त्या ओसरीवर उभा आहे. आल्यागेल्याच्या हाती उपासनेची पत्रिका द्यायची, विधवांना त्यांच्या ठरलेल्या बाकापर्यंत सोडायचं, आणि पास्टर प्रवचनात नोहाच्या तारवात शिरले की आपण बाहेर येऊन गाड्या मोजायच्या. नोकरी संपल्यावर माझं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ओपल मक्याची कणसं सोलत होती.

"मग ड्वेनला सांग ना, नाहीये म्हणून," ती म्हणाली.

"आता कसं सांगू? मी हसलो."

"मग दार सोड आणि इतर नवऱ्यांसारखा माझ्या शेजारी बस."

ओपलच्या शेजारी बसणं म्हणजे काय, ते माझ्या डाव्या बरगडीला विचारा. प्रवचनात माझा डोळा लागला की तिचं कोपर लागतं. मी त्याच क्षणी पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

गावातल्या दुकानात जाण्याची सोय नव्हती. म्हणून चाळीस मैलांवरच्या गावात गेलो. ओपलला दाताच्या डॉक्टरकडे चाललोय म्हणून सांगितलं. दुकानात काउंटरमागे बॉबी जो नावाची बाई होती. खांदे रेड्यासारखे, आवाज मधासारखा.

"काय दाखवू, राजा?" (ही बाई सगळ्यांनाच राजा म्हणते. मला हे तिसऱ्या फेरीला कळलं.)

"लहानसं पाहिजे. कोटाखाली दिसणार नाही असं. आणि चाप मऊ पाहिजे. माझं हे बोट धड वाकत नाही. एकोणतीस वर्षं शिक्के मारलेत."

"बँकेत होतास?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

तिने तळहातात मावेल असं एक छोटं पिस्तूल पुढे ठेवलं. मला ते फार आवडलं. चाप ओढायला गेलो तर तो हलेना. दोन बोटं लावली. मग दुसऱ्या हाताने मदत केली.

"अडकलंय वाटतं."

"अडकलेलं नाही रे राजा. त्याचा चाप बारा पौंडांचा आहे, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो. छोट्यांचे चाप कडकच असतात."

"मग मऊ दाखव."

मऊ दाखवलं. चाप असा, की लोण्यात बोट जावं. पण पिस्तूल एवढं मोठं, की ते कमरेला लपवण्यापेक्षा मी त्याच्यामागे लपणं सोपं गेलं असतं. लहान म्हणावं तर कडक, मऊ म्हणावं तर अवजड. तिसरं लहानही होतं आणि मऊही होतं, पण मागच्या अंगणात चालवून पाहिलं तर ते खेचरासारखं उसळलं आणि माझा चष्मा पडला. दहा पावलांवर तिने जेवणाची कागदी थाळी टांगली होती. थाळीला काही झालं नाही.

असे चार शनिवार गेले. चार वेळा मी दात दाखवायला गेलो. मी पौंड शिकलो, अर्धे पौंड शिकलो. चाप आधी किती सैल सरकतो, मग कुठे अडतो, मग कसा सुटतो, सगळं शिकलो. रात्री झोपेत माझं बोट वाकायचं. अखेर चौथ्या शनिवारी बॉबी जोने एक चपटं, काळं, आटोपशीर पिस्तूल काढलं. चाप साडेपाच पौंडांचा, गुळगुळीत, जणू कचेरीतला माझा जुना शिक्का. पाच गोळ्या झाडल्या, चार थाळीत. पाचवी कुठे गेली ते आम्ही शोधलं नाही.

"हेच!" मी म्हणालो.

"छान. आता पट्टा घे," बॉबी जो म्हणाली.

"कसला पट्टा?"

"कमरेचा. पँटला लावलेले तुझे हे खांद्यावरचे गॅलिस चालायचे नाहीत, त्यांचा चिमटा नेमका पिस्तुलाच्या म्यानाखाली येतोय. हा बघ, दुहेरी चामड्याचा. साठ डॉलर."

"माझ्याकडे आहे पट्टा."

"चांगला जाड आहे का?"

"काउंटी सरकारने निवृत्तीला दिलेला आहे," मी ताठ मानेने म्हणालो. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

तो पट्टा मी तेव्हापासून वापरला नव्हता. मधल्या काळात माझ्या छातीत दुखून गेलं, डॉक्टरांनी रस्सा आणि डुकराचं मांस बंद केलं आणि मी पन्नास पौंड उतरलो. पट्टा आता मला दीड वेळा बसत होता. मी खिळा आणि हातोडी घेऊन त्याला आणखी तीन भोकं पाडली. तिन्ही जरा जवळजवळ पडली.

शनिवारी संध्याकाळी कोट घालून आरशासमोर उभा होतो, तेवढ्यात ओपल दारात आली.

"दाताच्या डॉक्टरनं कमरेला काय बसवलंय?"

म्हणजे तिला माहीत होतं. "दिसतंय का?" मी घाबरून विचारलं.

"ते नाही दिसत. पण तू खांदा असा धरलायस, की बघणाऱ्याला वाटावं, याला अर्धांग झालंय. आणि व्हर्लिन, पँट बघ."

"पँटीचं काय घेऊन बसलीस? हा चाप बघ! साडेपाच पौंड!"

"आणि अख्ख्या पिस्तुलाचं वजन किती?"

चार आठवड्यांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. "भरपूर हलकं आहे," मी म्हणालो.

"सरळ बाकावर बसायचं सोडून कुठल्या नसत्या भानगडीत पडतोयस," असं म्हणून तिने आपली पर्स खुर्चीवर ठेवली. ती पर्स नेहमीच धपकन आवाज करते. बायबल मोठ्या टाइपातलं आहे.

रविवारी मी दारावर उभा राहिलो आणि खरं सांगतो, मजा आली. ड्वेन येऊन माझ्या कोटाकडे एक नजर टाकून गंभीरपणे म्हणाला, "आहे?" मी म्हणालो, "आहे." त्याने मान हलवली. बावीस वर्षांत तो माझ्याशी असं, पुरुषाशी बोलावं तसं, कधी बोलला नव्हता. गाणी झाली. मी ओसरीकडे सरकणार, एवढ्यात ड्वेन परत आला.

"ब्रदर व्हर्लिन, दानाची थाळी फिरवायला माणूस कमी आहे. लॉयडची गाय व्यायलीय. तू घे, दार मी बघतो."

थाळी पितळेची आहे, गाडीच्या चाकाएवढी. ती दोन्ही हातांनीच धरावी लागते. मी मधल्या वाटेने निघालो. पहिल्या चार बाकांपर्यंत काही झालं नाही. पाचव्या बाकाशी कमरेत बारीकसं काहीतरी फाटल्याचा आवाज आला. खिळ्याची दोन भोकं एक झाली होती. मी पोट फुगवलं. सातव्या बाकाशी तिसरं भोकही त्यांना जाऊन मिळालं. आता पँट केवळ माझ्या इच्छाशक्तीवर टिकली होती, आणि उजवी बाजू पिस्तुलाच्या भाराने आधी निघाली होती.

माणूस अशा वेळी काय करील? तेच मी केलं. थाळी डाव्या हातावर तोलली आणि उजवा हात झटकन कोटाच्या आत, कमरेकडे नेला.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडे ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे असं पथकाच्या प्रमुखाला माहीत आहे, त्याने भर उपासनेत चेहरा पिळवटून कोटाखाली हात घातला, तर त्याचा अर्थ एकच होतो: त्याला हल्लेखोर दिसलाय.

"खाली!" ड्वेन दारातून गर्जला. "सगळे खाली!"

याची तालीम आदल्याच महिन्यात झाली होती आणि ती फार उत्तम झाली होती, हे तेव्हा सिद्ध झालं. दोनशे माणसं दोन सेकंदांत बाकांखाली गेली. ऑर्गन वाजवणारी बाई ऑर्गनच्या पायथ्याशी गेली, पास्टर वेदीमागे गेले. आठ-दहा ठिकाणांहून आठ-दहा हात कोटांत गेले, आणि त्यातले बरेच परवाने माझ्याच सहीचे, या विचाराने मला पहिल्यांदा भीती वाटली. मी दोन्ही हात वर केले.

त्याबरोबर पँट खाली गेली. पिस्तूल म्यानासकट तिच्याबरोबर गेलं आणि लाकडी फरशीवर ठक्क असा एकच, शांत आवाज झाला. थाळी मात्र मी डोक्यावर धरून ठेवली होती. एक नाणंसुद्धा सांडलं नाही. (याचा उल्लेख नंतर कुणीही केला नाही.)

"कोण आहे? कुठे आहे?" ड्वेन ओरडत होता.

सगळ्या चर्चमध्ये एकच व्यक्ती बाकावर बसून होती. ओपल. ती पत्रिकेने वारा घेत होती.

"कुणी नाही रे ड्वेन," ती म्हणाली. "व्हर्लिनची पँट सुटलीय. उठा सगळे. आणि तुम्ही बायांनो, जरा दमानं उठा, त्याला आवरू दे."

कुणीही दमाने उठलं नाही.

उपासनेनंतर ड्वेनने आम्हाला मागच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, तो ओरडेल. तो हळू बोलला, ते जास्त वाईट होतं.

"ब्रदर व्हर्लिन, दार आता तुला देता येणार नाही. तिथं डोकं थंड असलेलं माणूस लागतं." मग तो ओपलकडे वळला. "सिस्टर ओपल, तुम्ही खाली का नाही गेलात?"

"माझे गुडघे धड नाहीत. आणि सकाळीच मी त्याचा पट्टा पाहिला होता."

"तुमच्याकडे आहे का काही? पिस्तूल वगैरे?"

मी हसलो. (माणूस शिकत नाही.) ओपलने पर्स उघडली, बायबल बाजूला केलं आणि आखूड नळीचं एक रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. त्याच्या मुठीचा रंग वापराने गेला होता.

"तू हे कधीपासून..." मी त्या मुठीकडे बोट दाखवलं.

"झाली एकोणीस वर्षं. मी आणि पास्टरच्या बायकोनं एकाच दिवशी अर्ज केला. पास्टरना विचारूनच आणते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. लेखी सांगितलं." तिने पर्समधून परवान्याचा पिवळा पडलेला कागद काढून उलगडला. ओपल मे स्टकी, वय, पत्ता आमच्याच घराचा, पतीचे नाव व्हर्लिन स्टकी. खाली माझा शिक्का. शिक्क्याखाली माझी सही, वळणदार, एकही अक्षर न वाचता केलेली.

ड्वेनने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

परतताना गाडीत मी तिच्या पर्सकडेच बघत होतो. शेवटी मला राहवलं नाही.

"ओपल, त्याचा चाप कसा आहे गं? मऊ की कडक?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "चर्चमध्ये कधी ओढायची वेळ आली नाही. आज थोडक्यात वाचलास."

आता दर रविवारी ओपल दारावर असते आणि पास्टर तारवात शिरले की ओसरीवर जाऊन गाड्या मोजते. मला तिने पहिल्या बाकावर बसवलं आहे, पास्टरच्या बायकोच्या डाव्या हाताला, आणि त्या बाईचं कोपर ओपलपेक्षा टोकदार आहे. माझं पिस्तूल घरी कपाटात आहे, चाप अजून साडेपाच पौंडांचाच आहे. चर्चमध्ये शिरताना ओपल सगळ्यांना हसून पत्रिका देते. मला तेवढं थांबवते, कोट उघडायला लावते आणि सगळ्या रांगेदेखत माझी झडती घेते. शस्त्रासाठी नव्हे. गॅलिस घातलेत की नाही, ते पाहण्यासाठी.