मधल्या तुकड्याची सुनावणी

ही गोष्ट १९८३ सालच्या डिसेंबरातली. त्या वर्षी आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी गळत होती, जिन्यातला दिवा कोणीतरी काढून नेला होता आणि तळमजल्याचं दार तीन महिने एकाच बिजागरीवर लोंबकळत होतं. यातल्या कशाचीही लेखी तक्रार झाली नाही. लेखी तक्रार झाली ती बिस्किटाच्या वड्यांबद्दल.

इमारतीत पंचवीस घरं. वर्षाच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांना सुट्टी, म्हणून तळमजल्याच्या हॉलमध्ये सगळे जमायचे. खाणं घराघरातून यायचं. गोडाचे दोन ट्रे असायचे, एक माझा आणि एक समोरच्या नर्सबाईंचा. दोघींची कृती एकच, एकाच मासिकातून उतरवून घेतलेली, आणि इतकी सोपी की तिला कृती म्हणायला संकोच वाटावा. लोणी आणि साखर एका भांड्यात घोटायची. त्यात दोन अंडी, मैदा, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. लाटणं नाही, साचे नाहीत. गोळा ट्रेमध्ये टाकून तळहाताने थापायचा आणि वीस मिनिटं भाजायचा. मध्ये किंचित कच्चं वाटतंय तोवरच बाहेर काढायचं, हेच काय ते गुपित. गार झालं की वर लोणी-पिठीसाखरेचं गुलाबी फ्रॉस्टिंग, त्यावर रंगीत साखरदाणे, आणि सुरीने चार उभे, चार आडवे छेद. पंचवीस घरं, पंचवीस तुकडे.

नर्सबाईंचा ट्रे नेहमी आधी संपायचा. मी याकडे कधी लक्ष दिलं नाही. सलग सहा वर्षं दिलं नाही.

आमच्या घरी या वड्यांची खरी वाट बघायचे ते मामंजी, म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याऐंशी, तोंडात दात एकही नाही, आणि रक्तात साखर भरपूर. डॉक्टरांनी त्यांना वर्षातून एक, फक्त एक गोड तुकडा मंजूर केला होता. तीनशे चौसष्ट दिवस बिनसाखरेचा चहा पिऊन ते त्या रविवारची वाट बघत. कडेचा तुकडा कुरकुरीत, तो त्यांना चावायचा नाही. त्यांना लागायचा मधला, जिभेवर ठेवला की विरघळणारा.

"सूनबाई, यंदाचा शेवटचा हं," असं ते दर वर्षी म्हणायचे. त्या वर्षी मात्र डॉक्टरही तेच म्हणाले होते.

आता चिठ्ठीबद्दल. इमारतीच्या तक्रारपेटीत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक निनावी चिठ्ठी निघाली. "मेळाव्याच्या दिवशी नर्सबाईंच्या ट्रेमधले तुकडे सारखे नसतात. कोणाला कडेचा मिळतो, कोणाला मधला. ही बाब समितीच्या नजरेस आणून देत आहे. एक हितचिंतक."

आमचे सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी इमारत त्यांना पाठीमागे ग्रॅमभाऊ म्हणायची आणि तोंडावर साहेब. निवृत्तीनंतर चार वर्षं त्यांना तपासायला काहीच मिळालं नव्हतं. चिठ्ठी वाचून त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की त्यांच्या पत्नीला वाटलं, पेन्शन वाढली.

तातडीची सभा झाली. ग्रॅमभाऊ उभे राहिले.

"प्रश्न बिस्किटाचा नाही. प्रश्न समानतेचा आहे. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन सभासदांपैकी एकाला कुरकुरीत आणि दुसऱ्याला मऊ, हे कितपत योग्य?"

"ज्याला जे आवडतं ते त्याने घ्यावं की," नर्सबाई म्हणाल्या.

"आवड!" ग्रॅमभाऊ हसले. "बाई, आवडीवर इमारती चालत नाहीत."

ठराव मांडला गेला: मेळाव्यात द्यायचे सर्व तुकडे वजनाने, आकाराने आणि मऊपणाने समान असावेत, भाजणाऱ्याने समितीकडे तीन प्रतींत अर्ज करावा. हात वर करायला सांगितलं. आमच्या ह्यांनीही हात वर केला.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही कशाला हात वर केलात?"

"शेजारच्याने केला," हे म्हणाले. "एकट्याचा खाली बरा दिसतो का?"

नर्सबाईंनी दुसऱ्याच दिवशी अंग काढून घेतलं. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दिवसभर वॉर्डात फॉर्मच भरते मी. घरी येऊन बिस्किटाचा नाही भरणार. तुमचं तुम्ही बघा." म्हणजे त्या वर्षी एकच ट्रे असणार होता, माझा. मला वाईट वाटलं. फार वेळ नाही.

मी अर्ज केला. अर्जात लोणी कुठून आणलं, अंडी कोणत्या दिवशी घेतली, भाजणारीला पूर्वी कधी करपल्याचा इतिहास आहे काय, असे एकोणीस प्रश्न होते. शेवटचा प्रश्न होता, "वरील प्रश्न समजले काय?" मी "नाही" लिहिलं. अर्ज मंजूर झाला.

रविवारी सकाळी ग्रॅमभाऊ तराजू, फूटपट्टी आणि थर्मामीटर घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले. चपला मात्र बाहेर काढल्या. माणूस वाईट नव्हता. मी ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. दोन मिनिटांनी त्यांनी ओव्हनचं दार उघडलं.

"साहेब, दार उघडू नका. बसकं होतं ते."

"वहिनी, बंद दारामागे काय चाललंय याची खात्री कोण देणार?"

"मी देते."

"तुम्ही तर अर्जदार."

असं त्यांनी नऊ वेळा दार उघडलं. मामंजी पलीकडच्या खोलीतून हाका मारत होते, "झालं का गं?" वीस मिनिटांचं काम पाऊण तासाने झालं. पण झालं. मी फ्रॉस्टिंग लावलं, दाणे भुरभुरले, तुकडे केले आणि ट्रे हॉलमध्ये नेला. मामंजींना दोघांनी धरून खाली आणलं आणि पहिल्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी रुमाल मांडीवर पसरला.

ग्रॅमभाऊंनी नियमावली उघडली. "कडेचे तुकडे मधल्यांपेक्षा कडक आहेत. समानतेच्या तत्त्वानुसार ते बाद करावे लागतील."

"कडेचा म्हणजे नेमका कुठला?" कोणीतरी विचारलं.

"व्याख्या आहे. ज्या तुकड्याच्या किमान एका बाजूला दुसरा तुकडा नाही, तो कडेचा."

सोळा तुकडे बाद झाले. राहिले नऊ. पंचवीस घरांत नऊ तुकडे कसे वाटायचे यावर चर्चा सुरू होणार, एवढ्यात ग्रॅमभाऊ ट्रेकडे बघून थबकले. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा व्याख्या वाचली.

"यातले आठ तुकडे," ते गंभीरपणे म्हणाले, "आता कडेचे झाले आहेत."

आणि खरंच, झाले होते. आठही बाद झाले. मोठ्या ट्रेच्या मधोमध एकच तुकडा उरला, चारी बाजूंनी मोकळा. व्याख्येप्रमाणे तर तोही कडेचाच होता, किंबहुना त्याच्याइतका कडेचा दुसरा कुठलाच नव्हता.

"तो द्या की हो म्हाताऱ्याला," नर्सबाई म्हणाल्या.

"कसा द्यायचा? एक तुकडा, पंचवीस घरं. एकाला दिला की चोवीसांवर अन्याय. हा नमुना म्हणून सील होईल."

त्यांनी तो तुकडा काचेच्या बरणीत ठेवला, झाकणावर कागदी पट्टी चिकटवली आणि लाखेची मोहोर उठवली. बाद झालेल्या चोवीस तुकड्यांसाठी तिथल्या तिथे विल्हेवाट उपसमिती नेमली. ती समितीच्या खोलीत गेली, आतून कडी लावली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली. विल्हेवाट पूर्ण झाल्याचा अहवाल ग्रॅमभाऊंनी वाचून दाखवला तेव्हा त्यांच्या मिशीत दोन गुलाबी दाणे होते, एक हिरवा.

मामंजींनी मांडीवरचा रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"मी उद्या परत करते, मामंजी," मी म्हटलं. "फक्त आपल्या घरापुरतं."

पण आम्ही वर पोचेपर्यंत ग्रॅमभाऊ आमच्या ओव्हनच्या दाराला पट्टी चिकटवत होते. नमुना सील झाला म्हणजे तो ज्यातून निघाला ते यंत्रही सील व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. "मामा, माझ्याकडे गुपचूप या. तुमच्यापुरतं करते, कोणाला पत्ता लागणार नाही."

मामंजी ताठ बसले. इतका वेळ सांगायचं राहिलं, ते कोर्टात चाळीस वर्षं कारकून होते. लोकांना तारखा देण्यात त्यांचा जन्म गेला.

"पोरी, चोरून खाणार नाही. हक्काचा तुकडा आहे माझा. अर्ज करीन."

त्यांनी अर्ज केला. ताबा मिळावा, असा. ग्रॅमभाऊंनी तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची. त्या तीन आठवड्यांत मामंजी दोनदा इतके आजारी पडले की डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. दोन्ही वेळा ते उठून बसले आणि म्हणाले, "तारीख आहे माझी. गैरहजर राहिलो तर एकतर्फी निकाल लागतो."

सुनावणीला हॉल भरला होता. मेळाव्याला आले नव्हते इतके लोक आले. टेबलावर बरणी, बरणीत तुकडा. फ्रॉस्टिंगला तडे गेले होते, गुलाबी रंग उडून राखाडी झाला होता.

"प्रथम मूळ तक्रार दाखवा," मामंजी म्हणाले.

चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाजवळ धरली. मग बराच वेळ धरून ठेवली. मग मान वर करून समोर बघितलं, जिथे आम्ही घरचे बसलो होतो.

"अक्षर ओळखता येतं का?" ग्रॅमभाऊंनी विचारलं. "आम्हालाही हितचिंतकाचा सत्कार करायचा आहे."

"छे," मामंजी म्हणाले. "मोतीबिंदू आहे. काही दिसत नाही."

त्या सकाळी त्यांनी छोट्या जाहिरातींसकट सगळा पेपर वाचला होता. त्यांनी चिठ्ठीची बारीक घडी घातली आणि, कारकुनाची सवय, खिशात ठेवून दिली. परत मागायचं कोणाला सुचलं नाही.

"आता मुद्देमाल."

"मुद्देमाल समोर आहे."

"बरणी समोर आहे. आत काय आहे मला कसं कळावं? सील फोडा. ओळख पटवायची आहे."

प्रक्रिया बरोबर होती. ग्रॅमभाऊंचा प्रक्रियेपुढे इलाज चालत नसे. त्यांनी सील फोडलं. मामंजींनी तुकडा उचलून टेबलावर आपटून बघितला. विटेसारखा आवाज आला.

"डोळ्यांनी ओळख पटत नाही. जिभेने पटवतो. सूनबाई, चहा."

मी चहा आणला. बिनसाखरेचा. त्यांनी तुकडा कपात बुडवला आणि स्वस्थ बसून राहिले. अख्खा हॉल त्या कपाकडे बघत होता. चहावर गुलाबी तवंग आला, दाण्यांचे रंग सुटले. मग त्यांनी तो चोखत, हिरड्यांनी घोळवत, पंधरा मिनिटं खाल्ला. उरलेला चहाही प्यायले.

"अहो, खाल्लात तुम्ही!" ग्रॅमभाऊ ओरडले.

"ओळख पटली," मामंजी म्हणाले. "आमच्याच घरचा आहे. मुद्देमाल शिल्लक नाही, सबब प्रकरण निकाली. लिहून घ्या."

जिना चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला होता. दर पायरीला थांबत होते.

"मऊ होता का, मामंजी?" मी विचारलं.

"दगड होता गं." दोन पायऱ्या चढून ते म्हणाले, "पुढच्या वर्षी दोघी मिळून एकच ट्रे करा. तिच्या फ्रॉस्टिंगला तुझ्यापेक्षा चव आहे, ते मान्य कर."

पुढच्या वर्षी मामंजी नव्हते. ऑक्टोबरात गेले. त्यांच्या कोटाच्या खिशात ती चिठ्ठी निघाली, माझ्याच हाताने लिहिलेल्या वाणसामानाच्या यादीला टाचणीने जोडलेली. ती यादी दर महिन्याला मी लिहायची आणि ते तपासायचे. टाचणी काढून मी दोन्ही कागद चुलीत टाकले.

ग्रॅमभाऊ नंतर दोनशे घरांच्या संकुलात राहायला गेले आणि तिथे बिनविरोध निवडून आले. नर्सबाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. त्या दर डिसेंबरात मला डबा पाठवतात, आणि त्यात मुद्दाम मधलेच तुकडे असतात. मला कारण विचारायचं धाडस झालेलं नाही. आमच्या ह्यांनी शेवटपर्यंत प्रत्येक सभेत शेजारच्याकडे बघून हात वर केला. शेजारी गेला त्या वर्षी ते पहिल्यांदाच तटस्थ राहिले.

कडेच्या तुकड्याची व्याख्या अजून नियमावलीत आहे. अर्ज आता फोनवर भरता येतो, प्रश्न सत्तावीस झालेत. टाकी गळतेच आहे.

तक्रारपेटीची किल्ली, इमारतीतली सर्वांत जुनी सभासद म्हणून, हल्ली माझ्याकडे असते. चिठ्ठ्या येतात, रोज येतात, सगळ्या हितचिंतकांच्या. टाकीबद्दल एकही नसते. मी चष्मा लावून त्या एकेक वाचते आणि कोणी विचारलं तर मोतीबिंदू आहे म्हणून सांगते. पण अक्षरं मला सगळ्यांची ओळखू येतात.

तुमचंसुद्धा.