न बांधलेल्या घरांचा शेजारी

"ओ पाव्हणं! भिंतीतनं कुटं चाललाय? दारानं या की!"

एप्रिलची दुपार, सोलापूरचं ऊन आणि चहूकडे नुसती काळी जमीन. अशा ठिकाणी कोणी असं ओरडलं, तर माणूस आधी भिंत शोधतो. मीही शोधली. भिंत नव्हती. चार कोपऱ्यांना चुना फासलेले चार दगड होते आणि मी त्यांच्या मधोमध उभा होतो. लांबवर एकुलतं एक घर होतं, त्याच्या ओट्यावरून धोतर-टोपीतले एक गृहस्थ हातवारे करत होते. मी मुकाट्यानं मागे फिरलो, रस्ता असावा अशा जागेवर आलो आणि 'दारानं' आत शिरलो. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

हे गावडेतात्या. मूळचे सांगोल्याकडचे, नोकरी कुर्डुवाडीला रेल्वेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराबाहेरच्या या लेआउटमध्ये प्लॉट घेतला आणि मूर्खासारखं त्यावर घर बांधलं. 'मूर्खासारखं' हा शब्द माझा नाही, दलालाचा. प्लॉट घ्यायचा तो धरून ठेवायला, भाव दुप्पट झाला की सोडून द्यायला, हे त्यानं मला पहिल्याच भेटीत शिकवलं होतं. शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा मी, गुंतवणूकदार व्हायच्या नुसत्या कल्पनेनं आठवडाभर छाती काढून फिरत होतो.

दलाल मात्र गेटच्या आत यायला तयार नव्हता.

"तुम्ही बघून या," तो मोटारसायकलवर बसूनच म्हणाला. "बायको वारल्यापासून म्हातारा जरा... बघालच तुम्ही."

बघितलं. तात्यांनी मला सगळी कॉलनी हिंडून दाखवली.

"हे देशमुख मास्तरांचं. पुढच्या अंगाला झोपाळा हाय, डोस्कं सांबाळा."

मी डोकं खाली घातलं. खरंच घातलं.

"हे यल्लप्पाशेटचं. देवघर लई मोठं काढलंय. चपला हितंच ऱ्हाऊ द्या."

तापलेल्या ढेकळांवर मी अनवाणी नाचत होतो आणि तात्या हात जोडून हवेला नमस्कार करत होते. या सगळ्या मंडळींनी म्हणे प्लॉट घेतले तेव्हा एकेक चक्कर मारली होती. दगडापाशी उभं राहून फोटो काढले, नव्या खरेदीच्या भरात इथं झोपाळा, तिथं देवघर असं बायकापोरांना हातानं दाखवलं आणि गेली. पुन्हा कोणी फिरकलं नाही. भाव वाढायची वाट बघत घरी बसली. तात्यांनी मात्र ती सगळी घरं, ऐकली तशी, मनातल्या मनात बांधून घेतली होती.

एका प्लॉटपाशी त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "हळू बोला. म्हातारी झोपलीया."

"कोण म्हातारी?"

"पोरानं आईसाटी घेतलाय ह्यो. मागल्या साली गेली ती."

"गेली? मग?"

"तितं गेली की ती," तात्या शांतपणे म्हणाले. "हितं न्हाय."

वारा पडलेला होता. कुत्रं नाही, पाखरू नाही. अंगावरचा घाम गार झाल्यासारखा वाटला. मी ऑफिसातला विनोदी माणूस म्हणून ओळखला जातो, पण तिथून पुढे पाय न वाजवता चाललो. परतताना तात्या सोबत नव्हते, तरी प्रत्येक दगडाला वळसा घालून गेटवर आलो. दलाल गालातल्या गालात हसत होता.

पण प्लॉट स्वस्त होता आणि माझी हाव शाबूत होती. रविवारी मी मंगलला, म्हणजे बायकोला, घेऊन गेलो. माझ्या गुंतवणुकीवर तिचा काडीचाही विश्वास नाही.

तात्यांच्या अंगणात दोरीवर हिरवं इरकली लुगडं वाळत होतं. नुकतंच कोणी धुऊन टाकावं तसं. पदरातून पाण्याची धार लागली होती. दलालाचं 'बायको वारल्यापासून' मला आठवलं.

मंगलचा चेहरा मात्र खुलला. "शेजारी बाईमाणूस आहे, बरं झालं. मला तीच काळजी होती." मी तोंड उघडायच्या आत तिनं हाक मारली, "काकू, आहात का घरात?"

तात्या दारात आले. चौकटीला धरून उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणणार, आत हाय, झोपलीया. सगळी कॉलनी वसवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात एक बाई वसवायला कितीसा वेळ?

"न्हाय, ताई," ते म्हणाले. "ती न्हाय आता."

"मग हे लुगडं?"

"आयतवारी लोकं प्लॉट बगाय येत्यात. मागं एक ताई आलत्या. शेजारला बाई न्हाय म्हनून तशाच माघारी गेल्या. तवापासनं तिचं लुगडं धुऊन घालतोय. लांबनं बगून तरी कुनी ऱ्हायला यावं." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पर तुमी हाकच मारली की वो. हाकेला खोटी ओ कशी द्यावी?"

एवढं बोलून ते दोरीकडे गेले आणि ओलंच लुगडं ओढायला लागले. आम्हीही आता माघारी जाणार, असं ते धरूनच चालले होते. मला फार वाईट वाटलं.

मंगलनं दुसरं टोक धरलं. "अहो, हे पिळलेलंच नाही नीट."

"नऊ वार एकट्याला न्हाय पिळत, ताई."

दोघं समोरासमोर उभी राहिली. ती एकीकडे पीळ घालत होती, तात्या दुसरीकडे. पाणी मातीत पडत होतं. मग तिनं लुगडं झटकून पुन्हा दोरीवर पसरलं आणि माझ्याकडे वळली.

"तुमचा तो भाव दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात?"

"चार-पाच."

"तेवढी यांच्याकडे आहेत का?"

मी दोरीवरचं लुगडं उगाच सरळ केलं.

"तात्या," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमच्या पायाभरणीला तुम्हीच नारळ फोडा."

तात्या लुगड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. खाली त्यांचे पाय तेवढे दिसत होते, आणि बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.