पाहुण्या गोलंदाजाच्या पँटीला खळ

"मैदानात तुम्हाला जमत नसेल तर त्या गोलंदाजाला माझ्याकडे सोडा," कडकमामांनी टीव्हीकडे बघून जाहीर केलं. ऐकायला फक्त मामी होत्या, आणि त्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

कडकमामा म्हणजे हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीचे मुख्य. त्यांनी खळ घातलेला शर्ट जमिनीवर ठेवला तर आडवा पडत नाही, उभा राहतो, अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनीच पसरवली होती. सध्या आपला संघ आणि पाहुण्यांचा संघ याच हॉटेलात उतरले होते. कसोटी सामना चालू होता आणि दोन्हीकडचे पांढरे कपडे मामांकडेच धुवायला येत.

मामांचा जीव जडला होता आपल्या संघातल्या नवख्यावर. लंबूटांग पोरगा, पहिलाच सामना. यात धावा झाल्या नाहीत तर थेट घर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आज पाहुण्यांच्या ताडमाड गोलंदाजाने त्याच्या नाकासमोरून चेंडू नेला. पोरगा धपकन पडला, पँट गुडघ्यावर टरकन फाटली. वर तो गोलंदाज जवळ जाऊन, डोळे वटारून काहीतरी बोलला.

"काय म्हणाला असेल हो?" मामींनी विचारलं.

"तब्येत नक्कीच विचारली नसणार."

त्या दिवशी पोरगा नाबाद राहिला. संध्याकाळी तो स्वतःच तळघरात आला. "मामा, एवढी शिवून द्याल? माझी एक बॅग विमानतळावर हरवलीय. पांढरी पँट ही एकच."

"सकाळी खोलीत हजर. तू निवांत झोप."

पोरगा गेला आणि पाहुण्यांचे कपडे आले. सगळ्यात वर त्या गोलंदाजाची पँट, आत पट्टीवर त्याचा नंबर. मांजराने उंदीर उचलावा तशी मामांनी ती उचलली.

"अहो, पाहुणे आहेत ते," मामी म्हणाल्या.

"म्हणून तर पाहुणचार करतोय."

पँट धुतली, खळीत बुडवली, वाळवली, पुन्हा बुडवली. इस्त्री फिरवली तेव्हा तिचा पापडासारखा आवाज आला. "आता धाव म्हणावं," मामा म्हणाले आणि पँट गोलंदाजाच्या खोलीत पोचती करून समाधानाने झोपले.

सकाळी दोघं टीव्हीसमोर बसली. आपला नवखा फलंदाजीला उतरला, पण त्याची चाल काही ठीक दिसेना. गुडघे न वाकवता, कंपासपेटीतल्या कर्कटकासारखा एकेक पाय टाकत येत होता.

"घाबरलाय का हो?"

मामांची नजर पँटीच्या घडीवर खिळली होती. आपल्या हातची इस्त्री माणूस लांबूनही ओळखतो.

तेवढ्यात मामींनी टोपलीतून काहीतरी ओढलं. "अहो, ही गुडघ्यावर फाटलेली कुणाची?"

पाहुणचाराच्या नादात शिवायचं राहून गेलं होतं.

टीव्हीवर पोरगा दुसरी धाव घ्यायला वळला. म्हणजे तो वळला, पँट वळली नाही. रेषेच्या वीतभर अलीकडे लाकडासारखा पडला आणि धावबाद झाला. त्याला हात देऊन उठवलं, ते त्याच गोलंदाजाने.

दुपारी हॉटेलचा मॅनेजर तणतणत खाली आला. मागे पोरगा आणि गोलंदाज. मामींनी सुईत दोरा ओवला होता, मामांनी मान खाली घातली होती.

"याला सकाळी पँट नव्हती," मॅनेजर म्हणाला. "संघात याच्या उंचीचं कुणी नाही, म्हणून पाहुण्यांनी आपली दिली. आणि तिची ही दशा! कुणी केलं?"

"पण काल तर हा तुझ्या अंगावर धावून आला होता," मामांनी पोराला विचारलं.

"मग? मीपण त्याला चार शब्द ऐकवले. पण ते मैदानावर, मामा. पँट नाही म्हटल्यावर काय भांडत बसायचं?"

मामांनी पायाने खळीची बादली हळूच टेबलाखाली सरकवली. गोलंदाजाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खळीच्या बादलीकडे पाहिलं. मग मोडक्यातोडक्या भाषेत मॅनेजरला म्हणाला, "मीच सांगितलं. मला अशीच आवडते. कडक."

मॅनेजर एकदम नरमला. "असं होय. मग मामा, पाहुण्यांना रोज अशीच द्यायची. मी स्वतः हात लावून बघेन."

आणि तो रोज बघत होता. मामांनी खळ कमी करून पाहिली, तर मॅनेजरने पँट परत पाठवली.

दुसऱ्या डावात पोरगा मामींनी शिवलेल्या पँटीत खेळला. समोरून गोलंदाज धावत आला, दाराची उघडझाप व्हावी तशा पायांनी. पोराने चौकारांवर चौकार मारले, संघातली जागा पक्की केली. गोलंदाजाने तरीही त्याला डोळे वटारून दाखवलेच.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" मामी म्हणाल्या.

मामांनी टीव्हीकडे पाठ केली आणि उगाच चादरींच्या घड्या घालू लागले.

संध्याकाळी दारात गोलंदाज उभा. हातात दुसऱ्या दिवसाचे कपडे, पाय दोन बाजूंना.

"मामा," तो हळूच म्हणाला, "शर्टाला नको. निदान हात तरी हलू दे."