दिवाणखान्यातील करड्या-हिरव्या रंगाविषयी निवेदन

मनुष्यजातीचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, माणूस आधी पोटाची सोय करतो, मग डोक्यावरच्या छपराची, आणि या दोन्ही गोष्टी कायमच्या मार्गी लागल्या की भिंतीच्या रंगाची. याच्या पुढची पायरी अजून कोणी गाठल्याचे ऐकिवात नाही. कॅनडातल्या मिसिसागात अकरा वर्षे काढल्यावर, म्हणजे गेल्या जानेवारीत, आम्ही या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला.

आम्ही म्हणजे मी, बायको माधवी आणि चौदा वर्षांची मुलगी ईशानी. मी विमानतळाजवळच्या एका कंपनीत, कोणीतरी पाठवलेली खोकी कोणातरीपर्यंत कधी पोचतील याचा अंदाज बांधतो. (अंदाज चुकतो. पण तो चुकणार असा अंदाज मी आधीच देऊन ठेवतो, म्हणून माझे बरे चालले आहे.) असा माणूस रंगाच्या बाबतीत घाईघाईने निर्णय घेईल, हे शक्यच नव्हते.

आधी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. आम्हाला धरून, जवळच्या ओळखीची इथे एकोणीस मराठी कुटुंबे आहेत. त्यांपैकी सतरा घरांच्या भिंती करड्या होत्या. एक घर पांढरे होते. ते लोक नवीन आहेत, सुधारतील. एक पिवळे होते. त्यांच्याकडे आमचे फारसे जाणे-येणे नाही. करडा रंग लावण्यामागे शास्त्र असे की, घर विकताना तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. सतरांपैकी एकाही कुटुंबाला घर विकायचे नव्हते. तरीही पुढे कधीतरी येणाऱ्या त्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना त्रास नको, म्हणून आम्ही सगळे दहा-दहा वर्षे ढगात राहिलो. एवढा परोपकार आमच्या पिढीने दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात केलेला नाही.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझा मित्र मिलिंद याची बायको गुंजन हिने जाहीर केले की, करडा आता गेला. आता असतो तो करडा-हिरवा. म्हणजे करड्यात किंचित हिरवा, आणि हिरव्यात किंचित पश्चात्ताप. हे ऐकून घरी परतलो तेव्हा आमचा दिवाणखाना एका संध्याकाळीत जुना झाला होता.

रंगाच्या दुकानात या रंगाच्या पट्ट्या फुकट मिळतात. त्यामुळे पहिल्या खेपेला आम्ही चौसष्ट आणल्या. प्रत्येकीला नाव होते. 'क्वाएट पाँड', 'ओल्ड लेटर', 'रिलक्टंट फर्न' (म्हणजे नाइलाजाने उगवलेले नेचे). रंग जितका कमी दिसतो तितके त्याचे नाव लांब असते, हे निरीक्षण मी त्याच वेळी नोंदवून ठेवले. त्यांतले चौदा रंग निवडून भिंतीवर हातभर-हातभर लावले आणि कंपनीत खोक्यांसाठी करतो तसा एक तक्ता केला. वेळ, हवामान, मला दिसलेला रंग, माधवीला दिसलेला रंग, ईशानीला दिसलेला रंग.

तीन आठवड्यांच्या अभ्यासातून पुढील निष्कर्ष हाती आले. बाहेर बर्फ असेल तर चौदाही रंग निळे दिसतात. दिवा लावला की चौदाही पिवळट दिसतात. जो रंग माधवीला हिरवा दिसतो तो मला करडा दिसतो, आणि तिने पुन्हा एकदा विचारले की मलाही हिरवा दिसतो. (संसारात दृष्टी अशीच विकसित होत जाते.) ईशानीचे म्हणणे तिन्ही आठवडे एकच होते, "डॅड, दे आर लिटरली द सेम कलर." तिचा रकाना नंतर तक्त्यातून काढून टाकण्यात आला.

अभ्यास झाला होता, निर्णय व्हायचा होता, अशा वेळी मे महिन्यात माझे वडील अकोल्याहून आले. त्यांचे नाव जनार्दन. बांधकाम खात्यात छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. सुपर व्हिसावर आईवडिलांना सलग काही वर्षे राहता येते, त्यामुळे त्यांनी आता आमच्याकडेच राहावे अशी आमची इच्छा होती. इच्छा खरी होती, हे इथे मुद्दाम सांगतो. पुढचे वाचून शंका येण्याचा संभव आहे.

मी विषय काढला की ते "पाहू" म्हणत. त्यांना बेसमेंटमधली खोली दिली होती. जेवणापुरते वर येत, दिवाणखान्यात आलेच तर सोफ्याच्या कडेवर बसत, आणि साहेबाची भेट मिळेल न मिळेल अशा बेताने थोडा वेळ थांबून पुन्हा खाली जात. परतीचे तिकीट सप्टेंबर अखेरचे होते. ते त्यांनी उशाशी ठेवले होते.

जूनमध्ये मिलिंदच्या सल्ल्यावरून आम्ही झोई नावाच्या रंगसल्लागार बाईंना बोलावले. त्यांनी भिंतीकडे पाहिलेच नाही. मला डोळे मिटायला लावून, जिथे मला सर्वात सुरक्षित वाटले असेल अशी एक जागा मनात आणा, असे सांगितले. मी मन लावून काहीही मनात आणले नाही. मग डोळे उघडायला सांगून त्यांनी माझ्यापुढे चाळीस तुकडे पसरले. माझा हात क्षणाचाही विचार न करता 'रिलक्टंट फर्न'वर गेला. झोई बाई हळू आवाजात म्हणाल्या की, डोक्याला माहीत नसते ते शरीराला माहीत असते. या वाक्याने मी इतका भारावलो की, तो तुकडा दोन दिवस खिशात घेऊन ऑफिसला गेलो.

शनिवारी रंग लागला. रविवारी सकाळी मी खाली उतरलो तर बाबा दिवाणखान्यात होते. सोफ्यावर नव्हे, खाली, सतरंजीवर, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. मोबाइलवर अकोल्याची बातमी वाचत होते. दुपारीही तिथेच होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ईशानीला पाच-तीन-दोन शिकवायला घेतले. ती इंग्रजीत भांडे, ते वऱ्हाडीत भांडत, आणि हुकूम कोणी लपवला हे दोघांनाही बरोबर कळे. एरवी दार लावून बसणारी पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून थेट सतरंजीवर बसू लागली. आठवड्याने त्यांनी माधवीला विचारले की, बर्फातले बूट इकडे आठ नंबरात मिळतात का.

माधवीने ते मला स्वयंपाकघरात येऊन सांगितले आणि तिचे डोळे भरून आले. बर्फातले बूट सप्टेंबरात परत जाणारा माणूस विचारत नाही. आम्ही त्याच दिवशी जाऊन बूट आणले. मला फार आनंद झाला. या आनंदाचे सर्व श्रेय मी अंडरटोनला, म्हणजे रंगाच्या आत दडलेल्या छटेला, दिले, आणि त्या शनिवारी रंग पाहायला चौदा माणसांना चहाला बोलावले.

चहा, चिवडा आणि केक यांच्यासह भिंतीचे अवलोकन सुरू झाले. गुंजनने "सो ग्राउंडिंग" असा अभिप्राय दिला. मी उत्तरेकडून येणारा प्रकाश, अंडरटोन आणि शरीराला काय माहीत असते यावर सुमारे वीस मिनिटे बोललो. लोक ऐकत होते. मग कोणीतरी, वडीलधारे माणूस बसले आहे म्हणून, बाबांना विचारले की काका, तुम्हाला कसा वाटला रंग.

बाबा भिंतीला टेकूनच बसले होते. त्यांनी तळवा मागे नेऊन भिंतीवरून एकदा फिरवला.

"आपल्या क्वार्टरचाच आहे ना हा," ते म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी ओळखला. याची आई अशीच भिंतीला टेकून गहू निवडत बसे. फक्त खालून चार फूट ऑइलपेंट पाहिजे, म्हंजे डोक्याच्या तेलाचे डाग पडत नाहीत. बाकी अगदी तोच. इथं बरं वाटते."

चौदा माणसांनी भिंतीकडे पुन्हा पाहिले आणि यावेळी त्यांना ती दिसली. मिलिंद नागपूरचा. तो म्हणाला, "अरे, हे तर सिव्हिल हॉस्पिटल." मग बांध फुटला. चौदांपैकी पाच जणांना सरकारी दवाखाना आठवला, चौघांना तहसील कचेरी, तिघांना जिल्हा परिषदेची शाळा, एकाला पोस्ट. चौदाव्याने आपल्याला काय आठवले ते फक्त बायकोच्या कानात सांगितले, आणि ती चिवड्याची बशी खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. सगळे पोट धरधरून हसले. बाबाही हसले. आपण सांगितलेली गोष्ट सर्वांना इतकी आवडली, याचे त्यांना समाधान वाटत होते.

मी हसलो नाही. सतराव्या वर्षी मी त्या क्वार्टरमधून ट्रंक उचलून बाहेर पडलो, तेव्हा पुन्हा असल्या भिंतींत राहणार नाही असे ठरवूनच पडलो होतो. माधवीच्या पुण्याच्या माहेरी मी लग्नाआधी "आमचे घर तसे मोठ्या आवारात आहे" असे सांगितले होते. (आवार मोठे होते. त्यात अशी बत्तीस क्वार्टर्स होती.) त्यानंतर तीन देशांत नोकऱ्या केल्या, घर घेतले, चौसष्ट पट्ट्या आणल्या, तक्ता केला, तज्ज्ञ बोलावला, आणि या सर्व वैज्ञानिक प्रक्रियेतून मी अचूकपणे बांधकाम खात्याच्या रंगापर्यंत येऊन पोचलो होतो. माझ्या सबंध कारकिर्दीत बरोबर ठिकाणी पोचलेले हे एकमेव खोके असावे.

सोमवारी मी घरात जाहीर केले की, रंगात उत्पादनदोष आढळला आहे, सबब भिंती पांढऱ्या करण्यात येतील.

माधवी म्हणाली, "राहू दे ना. बाबा वर बसायला लागलेत."

मी तिला समजावले की प्रश्न बाबांचा नसून पोताचा आहे. ती म्हणाली, "तू त्यांना तरी असं सांगू नकोस." मी त्यांना तसेच सांगितले.

बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. खात्यातला माणूस, काम निघाले म्हणजे निघाले. त्यांनी सतरंजीची घडी केली, चष्मा लावला आणि खिडकीच्या चौकटीला कागदी टेप इतकी सरळ लावून दिली की, मला ती सोलताना जिवावर आले. दिवसभर ते माझी शिडी धरून उभे होते. मी वर, ते खाली. दुसरा हात देऊन झाला तेव्हा त्यांनी भिंतीकडे एकदा पाहून सांगितले, "दोन हातांत नाही झाकणार हा. तीन लागतील." तीन लागले.

त्या दिवसापासून ते जेवणापुरते वर येऊ लागले. ईशानी पत्ते घेऊन एकदा बेसमेंटमध्ये गेली आणि थोड्या वेळाने परत आली. खाली मजा येत नाही म्हणाली. ऑगस्टमध्ये मी राहण्याचा विषय काढला तेव्हा ते "पाहू" म्हणाले नाहीत. "जाऊन येतो" म्हणाले. बूट त्यांनी खोक्यातून काढलेच नव्हते, त्यामुळे दुकानाने ते तक्रार न करता परत घेतले. सप्टेंबरच्या अखेरीस मी त्यांना विमानतळावर सोडले. पांढरा रंग आणि त्यांचे जाणे यांचा कार्यकारणसंबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. मी तक्ता केलेला नाही. करवतच नाही.

दिवाळीत मिलिंदने आपला दिवाणखाना रंगवला. करडा-हिरवा. आम्ही सगळे पाहायला गेलो. दवाखाना, तहसील, शाळा कोणालाही आठवली नाही, कारण आठवण करून देणारे तिथे कोणी बसलेले नव्हते. आता एकोणीसपैकी अकरा घरे करडी-हिरवी झाली आहेत आणि आमचे एक पांढरे. लोक आम्हाला नवीन समजतात.

इथवर वाचून वाचकांनी माझ्याविषयी मत बनवले असेलच, आणि ते बरोबर आहे. आपण भिंतीला हात लावला नसता, असेही त्यांना वाटत असेल. ते मला मान्य आहे. फक्त एक शासकीय स्वरूपाची विचारणा करतो. आपल्या दिवाणखान्याच्या रंगाचे नाव आपल्याला ठाऊक असते. आपल्या वडिलांना कोणता रंग आवडतो, हे सांगता येईल का? अंदाज चालणार नाही. फोन करून विचारा. मी परवा विचारले. ते म्हणाले, "तुला जो आवडते तोच." आपल्यालाही हेच उत्तर मिळेल. आणि आपणही ते खरे मानून, सुटल्यासारखे वाटून, फोन खाली ठेवाल.