अकरा अंडी आणि पिवळी वायर

बायकोला सारखं उठावं लागू नये, एवढाच माझा चांगला विचार होता. (माझे चांगले विचार आमच्या घरात भूकंपासारखे मोजतात. केवढा होता आणि काय काय पडलं!)

आमच्याकडे अंडी उबवायचं मशीन आहे. आधीच्या दोन खेपांना त्यातून एकही पिल्लू निघालं नव्हतं. दुसऱ्या वेळी बायको न जेवताच झोपली. ही तिसरी खेप. अकरा अंडी, आजचा विसावा दिवस. मशीनचा आकडा सदतीस पॉइंट पाचवर आहे ना, हे बघायला ती दर दोन तासांनी उठायची.

म्हणून मी एक छोटंसं वायफाय बोर्ड आणलं. ते मशीनला जोडलं की तापमान मोबाइलवर. पडल्या पडल्या बघा! ती शाळेत शिकवायला गेली आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कामाला लागलो.

मी रेकॉर्ड विभागातला कारकून. एकवीस वर्षं लाल पट्टीची फाइल लाल कपाटात आणि पिवळी पिवळ्या कपाटात लावत आलोय. मशीन उघडलं तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तीन वायरी: लाल, काळी, पिवळी. बोर्डालाही अगदी त्याच तीन! यात विचार तो काय करायचा? लालला लाल, काळीला काळी, पिवळीला पिवळी. जोडलं.

बोर्डातून बारीक धूर निघाला. मशीनवर आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या आणि आतला ऊब देणारा दिवा विझला. काचेला हात लावला तर ती निवत चालली होती. मी दुरुस्तीवाल्या मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, लवकर या हो! अकरा जण गार पडताहेत!"

"अरे देवा! मग मला काय फोन करताय? ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"अहो, अंडी! अंडी!"

"अंडी खाऊन असं झालं का सगळ्यांना?"

सगळं समजावण्यात चार मिनिटं गेली. मिस्त्री एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते, दोन तासांशिवाय निघणं शक्य नाही म्हणाले. दोन तास! काचेच्या आत पाण्याचे थेंब धरायला लागले होते.

तेवढ्यात आठवलं, माणसाचं अंग सदतीसच्या आसपास असतं. मी बनियन पँटमध्ये घट्ट खोचला, अकराच्या अकरा अंडी एकेक करून आत सोडली, वरून स्वेटर चढवला आणि रजई गुंडाळून आरामखुर्चीत टेकलो. पोट आत घ्यायची सोय नव्हती. शिंक आली तर काय, या विचारानेच शिंक यायला लागली. नाक दाबून धरलं, तर मोबाइल वाजला. बायको!

"किती आहे?"

"सदतीस." (खोटं नव्हतं. कोणाचं, ते तिने विचारलं नाही.)

"आवाज असा का येतोय? कण्हताय का?"

"छे गं! जरा... पोट भरलंय."

फोन ठेवला आणि डाव्या बरगडीखाली काहीतरी टकटकलं. पुन्हा टकटक. कोणीतरी आतून माझं दार वाजवत होतं. मी श्वास रोखला. बाई गं, हे आता माझ्यामुळे गेलं तर? ती रोज कशासाठी उठते, ते मला त्या क्षणी कळलं आणि डोळ्यांत पाणीच आलं.

मिस्त्री आले, ते नेमके बायकोबरोबरच. तिने रजई बघितली, स्वेटर बघितला, मशीन बघितलं. ओरडली नाही, याचीच जास्त भीती वाटली.

"किती वेळ?"

"अडीच तास."

मिस्त्रींनी मशीनमध्ये डोकावून दोन बोटांनी पिवळी वायर उपटली. दिवा लागला. रेघा गेल्या, आकडा आला.

"साहेब, ही काढून बघितली नाही का?"

मी रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"मशीन पाच व्होल्टवर बोलतं. तुमचं बोर्ड सव्वातीनच्या आसपासचं. लाल वायरीतून पाच घुसले, ते जळलं आणि जळाल्यावर या पिवळीतून मशीनच्या सेन्सरची वाचा बंद करून बसलं. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर लागतो, पाचाचे कमी करून देणारा. नुसते रंग जुळवून चालत नाही हो!"

मशीन तापल्यावर बायकोने एकेक अंडं बाहेर काढून टॉर्चसमोर धरलं. पहिल्यात हालचाल. दुसऱ्यात हालचाल. दहाव्यापर्यंत मी मनात आकडे मोजत होतो. अकराव्याला हात घातला आणि ती थांबली.

"याला टोचा पडलाय, आतून चोच मारलीय. हलू नका अजिबात."

"कधीपर्यंत?"

"निघेपर्यंत!"

साडेचार तास मी हललो नाही. मिस्त्रीही हलले नाहीत; पिल्लू पहिल्यांदा ज्याला बघतं त्यालाच आई समजतं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांचा मोबाइल आमच्याच टेबलावर, चार्जरसकट, चार्जिंगला लावलेला होता. शेवटी कवच फुटलं आणि ओलं, थरथरतं पिल्लू बनियनमधून बाहेर आलं. बायको रडत होती, हसत होती. तिने ते अलगद टेबलावर ठेवलं. मी खाली वाकलो, तोंड अगदी जवळ नेलं, शक्य तितका आईसारखा चेहरा केला.

पिल्लाने मला नीट निरखलं. मग पाठ फिरवून धडपडत निघालं आणि मिस्त्रींच्या पाच व्होल्टच्या कोमट चार्जरला बिलगून झोपलं.